चौकट तयार आहे, भाभी

विमलभाभी, तुमच्या सरणाची लाकडं मी आपटून घेतली. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. सांगणार तरी कोण? ज्यांनी पाहिलं त्यांना बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असंच वाटलं. ओतूरच्या वखारीबाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली भरून उभी होती. आषाढ सरत आला होता, आभाळ खाली उतरलं होतं आणि तुमचे दीर सारखे घड्याळ बघत होते. मी पदर खोचला, ट्रॉलीपाशी गेले आणि एकेक लाकूड ओढून खालच्या दगडावर आपटायला लागले. आपटायचं, फिरवायचं, सालीत बघायचं, मग परत ठेवायचं. आपण भट्टीसाठी करायचो अगदी तसं.

"सुमनबाई, राहू द्या आता. पाऊस आला तर सगळाच घोळ होईल," तुमचे दीर म्हणाले.

"येऊ द्या. भाभीला किड्यामुंग्यांसकट जाळायचं न्हाई," मी म्हणाले.

मग आमच्या गावचा तुकाभाऊ सुतार पुढे आला आणि त्याने ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. एका बाभळीच्या ओंडक्यातून मुंग्यांचं अख्खं बिऱ्हाड निघालं, अंड्यांसकट. तुकाभाऊने तो ओंडका उचलून कुंपणाच्या कडेला नेऊन ठेवला आणि म्हणाला, "हा जाऊ द्या. यांचं घर हाय." बायकांनी स्मशानात जायचं नसतं, म्हणून मी वखारीपाशीच थांबले. ट्रॉली वळणाआड गेली आणि मला एकदम सुचेनासं झालं की आता हातांचं काय करायचं.

तुम्ही सकाळी सामायिकेला, तुमच्या त्या ध्यानाला, बसलात आणि उठलाच नाहीत. सगळे म्हणतात, पुण्यवान बाई, असं मरण मागून मिळत नाही. म्हणू देत. मला तुमचा राग येतो. सकाळी जायचं होतं तर आदल्या दिवशी निरोप तरी धाडायचा होता. आमचं पिंपरी पेंढार काही लांब नाही, एसटीने यायला किती वेळ लागतो तुम्हालाच माहीत.

आपली ओळखही माझ्या दारात झाली, आठवतं? तेव्हा आमची वीटभट्टी जोरात होती. तुमच्या दुकानामागे खोल्या वाढवायच्या होत्या आणि तुम्ही दोघं नवरा-बायको विटा सांगायला आला होता. शेठजी आमच्या ह्यांच्याशी बोलत बसले आणि तुम्ही थापलेल्या ओल्या विटांच्या रांगेत उकिडव्या बसलात. मला वाटलं, शेठाणी बघते वीट कशी पाडतात ते. तुम्ही गेल्यावर बघते तर एका कच्च्या विटेवर मोर! पिसारा बोटाने ओढलेला, डोळा नखाने टोचलेला, आणि मान विटेतून अशी वर आलेली की हात लावला तर दचकेल. मी ती वीट भट्टीच्या वरच्या थरात, ताव सौम्य असतो तिथे ठेवली. अख्खी निघाली. पुढच्या बाजाराला फडक्यात गुंडाळून तुमच्या दुकानात आणून दिली.

तुम्ही मोर हातात घेतला, उलटसुलट केला, आणि तुमचा चेहरा एकाच वेळी खुलला आणि पडला. तसा चेहरा मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

"भट्टीत घातलास? माझ्यासाठी?" तुम्ही विचारलंत.

"विटांसंगं गेला. त्याच्यासाठी वेगळी काय पेटवली न्हाई," मी म्हणाले.

तेव्हा कुठे तुम्ही हसलात. मारवाडात तुमच्या माहेरी धान्याच्या मातीच्या कोठ्या असायच्या आणि त्यांच्यावर बायका बोटांनी मोर, घोडे, वेली उठवायच्या, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. लग्न होऊन ओतूरला आलात आणि इथे धान्य पोत्यात. कित्येक वर्षं तुम्ही फक्त कणकेचे मोर केलेत, तेही तळून खाऊन टाकायचे.

असं आपलं सुरू झालं. तळ्याचा गाळ मी आणायचा, वाळवून, चाळून, भिजवून, तुडवून लोण्यासारखा करायचा. त्याच्या टाइल्स पाडून त्यांवर उठावाचं काम तुम्ही करायचं. भट्टी मी लावायची. टाइल्स बसवायला लाकडी चौकट तुकाभाऊने करायची. आपल्यात सगळ्यांत जास्त डोकं कोणाला, यावर आपण तिघं कायम भांडायचो आणि प्रत्येकाला उत्तर माहीत होतं.

तुकाभाऊची ती पहिली चौकट! आणे पठारावरच्या एका गुरुजींनी घराच्या पडवीत लावायला झाड मागितलं होतं. तिकडे झाडांचा दुष्काळ, म्हणून त्यांना भिंतीवर तरी वड हवा होता. तुम्ही सहा टाइल्सवर वड पसरलात, पारंब्यांसकट. टाइल्स ओल्याच होत्या आणि तुकाभाऊने माप घेऊन चौकट करूनसुद्धा टाकली. घराची सवय. घर बांधताना आधी दाराची चौकट उभी राहते, तिला हळदकुंकू लागतं, मग भिंती वर येतात. त्याने मुहूर्त बघितला, सागवानावर वेलबुट्टी कोरली, हळदकुंकू लावलं, आणि चौकट आणून माझ्या ओट्यावर उभी केली. आपण दोघींनीही त्याला अडवलं नाही, कारण आपल्यालाही तेच बरोबर वाटलं! चौकट आधीच असते की.

मग टाइल्स वाळल्या, भाजल्या आणि आकसल्या. चौकटीत ठेवल्या तर चारी बाजूंनी बोटभर फट. उचललं की खुळखुळ वाजायचं. तुम्ही हसून हसून पोट धरून खाली बसलात. तुकाभाऊ तोंड फुगवून म्हणाला, "माती बारकी झाली त्यात माझा काय दोष? माझं लाकूड हाय तसं हाय." पण दुसऱ्या दिवशी त्याने शिसवाच्या पातळ पट्ट्या कापून आणल्या, त्यांच्यावर बारीक पानं कोरली आणि फट भरून टाकली. सागवानाच्या आत ती काळी पट्टी इतकी शोभली की गुरुजींना वाटलं ती मुद्दाम केलीय. त्यानंतर तुकाभाऊ कायम ओल्या मापाचीच चौकट करत आला. म्हणायचा, फट राहिलीच पाहिजे, त्याशिवाय पट्टी कुठे घालू? जुन्नर तालुक्यात ज्या भिंतीवर आपलं काम आहे, तिथे ती काळी पट्टी आहे. चूक होती हे त्याने अजून कबूल केलेलं नाही.

तुमचे नियम मात्र मला सुरुवातीला फार जड गेले. लाकूड आपटल्याशिवाय भट्टीत जायचं नाही. आषाढी पौर्णिमा ते कार्तिकी पौर्णिमा भट्टी पेटवायची नाही. चातुर्मास आहे, जमिनीवर, लाकडात, हवेत सगळीकडे जीव झालेले असतात. माती त्याआधीच खणून ठेवायची. त्या चार महिन्यांत तुम्ही फक्त घडवायच्या, आणि माझ्या पडवीत फळ्यांवर कच्च्या टाइल्स रांगेने बसून राहायच्या. मी करवादायचे. ओझरला जाणारे पाहुणे गणपती मागायचे, तोही तुम्ही करायच्या नाहीत. "मूर्ती घडवली की तिचं सगळं नीट करावं लागतं. मला तेवढं जमणार नाही. हत्ती देते," म्हणायच्या. आणि लोक हत्ती घेऊन जायचे, वर खूशही व्हायचे. ही तुमची करामत मला कधी कळली नाही.

पण आपलं खरं भांडण वेगळंच. ते कित्येक वर्षं चाललं आणि आता तसंच पडलंय.

"सुमन, माती तू खणणार, भट्टी तू पेटवणार," तुम्ही म्हणायच्या. "म्हणजे पाप सगळं तुझ्याकडे आणि कौतुक माझ्याकडे. हे काही बरं नाही. निदान एक तरी टाइल तू कर."

"मला चालतंय पाप. मी शेतकरीण हाय. नांगर घातला की गांडुळं मरत्यात, मग काय शेती सोडू?"

"मी पापाचं नाही बोलत. हाताचं बोलते. तुझा हात मातीत माझ्यापेक्षा जास्त वेळ असतो. त्याला काहीच का म्हणायचं नाही?"

"माझा हात शेण-मातीचा. त्याला काय म्हणायचं असणार? तुमी एकदा भट्टीला काडी लावा, मग मी चित्र काढते."

"भट्टी मी नाही पेटवणार."

"घरी गॅस पेटवताच की!"

"तो पोटासाठी. हे शौकासाठी आहे."

मग मी उगाच माती आपटत बसायचे आणि तुम्ही बोटाला पाणी लावून एखादं पान उठवत बसायच्या. कधी कधी आपण तास-तास बोलायचो नाही. ते न बोलणं मला आता सगळ्यात जास्त आठवतं. तुमचं बोट मातीवरून फिरताना बारीक आवाज यायचा, ओल्या कापडासारखा. पाऊस नसला की तो ऐकू यायचा.

भाभी, मी तुमच्याकडून काही शिकले नाही असं म्हणते खरी, पण लाकूड आपटायची सवय मला लागली ती लागलीच. आता चुलीत काटकी घालतानासुद्धा आधी झटकते. सून हसते. हसू दे.

बिबट्याचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. गेल्या हंगामात आमच्या उसाची तोड चालू असताना पाचटात दोन बछडी सापडली. डोळे नुकते उघडलेले. तोडकऱ्यांनी कोयते टाकले आणि बांधावर पळाले. सगळ्या शिवारात बिबट्याची भीती. कोणाची शेळी गेलेली, कोणाचं कुत्रं. दोन-चार जण काठ्या घेऊन आलेसुद्धा. ह्यांनी सगळ्यांना लांब ठेवलं. वनखात्याची माणसं आली, त्यांनी बछडी क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली आणि तोड थांबवायला सांगितलं. आई आली आणि एकेक करून दोघांना घेऊन गेली. हे कळल्यावर तुम्ही दुसऱ्याच दिवशी एसटीने आलात. आल्या आल्या पाणीही न घेता विचारलंत, "आली का आई?"

"आली. घेऊन गेली."

"दोघांनाही?"

"दोघांनाही."

तुम्ही ओट्यावर बसलात. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "हे तुझ्या घरासाठी करते. दाराच्या शेजारची भिंत मोकळी आहे ना, तिथे."

मी काय म्हणाले? "बघू." इतकंच. गावोगावच्या भिंतींवर आपल्या टाइल्स, आणि माझ्या नव्या स्लॅबच्या घरात कॅलेंडरशिवाय काही नाही, ही बोच मला किती वर्षं होती हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही 'करते' म्हणालात तेव्हा मला रडू आलं होतं. म्हणून मी आत जाऊन चहा टाकला आणि चहात साखर घालायला विसरले. तुम्ही तो तसाच प्यायलात.

चार टाइल्स. उसातून चाललेली आई, तोंडात मानेला धरलेलं पिल्लू, दुसरं मागे पाचटात बसून वाट बघणारं. तुकाभाऊने सवयीप्रमाणे माती ओली असतानाच माप नेलं आणि चौकट केली. या खेपेला त्याने वेलबुट्टी सोडून उसाची पाती कोरली. तुम्ही घडवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोडून केलीत. सांध्याची रेघ पिल्लावरून जायला लागली की तुम्ही सगळं पुसायच्या. "आईच्या अंगावरून सांधा गेला तर चालेल. पिल्लावरून नको." शेवटी पिल्लू अख्खंच्या अख्खं एका टाइलीत आलं आणि आई दोन टाइल्समध्ये दुभागली. आषाढात काम पुरं झालं. तुम्ही म्हणालात, आता कार्तिकाच्या पौर्णिमेनंतर. मी म्हणाले, ठाऊक आहे.

तुम्ही गेलात, उठावण्याची शोकसभा झाली, आणि दोन दिवसांनी पारस माझ्या दारात आला. तुमचा पारस. मळका शर्ट, दाढी वाढलेली. पुण्यातल्या नोकरीवाल्या पोराचा असा अवतार मी पाहिला नव्हता. त्याने पडवीत जाऊन फळीवरच्या टाइल्स पाहिल्या. हात लावला नाही.

"मावशी, हे मला दे."

"कच्चं हाय रे अजून. कार्तिकात भाजून देते."

देते! भाभी, माझ्या तोंडून काय गेलं ते मलाच कळलं नाही. माझ्या घरासाठी केलेलं, आणि मीच त्याला 'देते' म्हणाले.

"कार्तिकापर्यंत कशाला? पुण्यात माझ्या मित्राची इलेक्ट्रिक भट्टी आहे. लाकूड नाही, किडे नाहीत. आईच्या नियमातही बसतं."

"पारस, वरून वाळल्यागत दिसतंय, पण आत पाणी हाय. पावसाळ्यात माती आतून वाळत न्हाई. आत्ता ताव दिला तर वाफ कुठं जाईल? फुटंल सगळं."

"हळूहळू तापवतो म्हणाला तो. मावशी, माझ्या घरात तिचा नुसता फोटो आहे. तिचा हात कशातच नाही."

आई गेलेल्या पोराच्या तोंडावर, हे माझं आहे असं म्हणू? आणि कोणाच्या साक्षीने? तुम्ही ते माझ्याजवळ बोलला होता, ओट्यावर, दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही त्याला सांगून ठेवायला हवं होतं, भाभी. हा माझा तुमच्यावरचा दुसरा राग. मीच टोपलीत भाताचा पेंढा घातला, मीच एकेक टाइल फडक्यात गुंडाळली. पिल्लाची टाइल सगळ्यात वर ठेवली. गाडी खाचखळग्यातून जाते, त्याला म्हणाले, हळू ने. तो म्हणाला, हो मावशी. आणि गेला.

तुकाभाऊला कळलं तेव्हा तो तणतणत आला. "दिलंस? अन् ही चौकट काय मी गळ्यात घालून हिंडू?" मग त्याने माझं तोंड बघितलं. चौकट त्याने माझ्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवली आणि निघून गेला.

श्रावण सगळा तसाच गेला. पारसचा फोन नाही. चांगली बातमी असती तर पोराने त्याच दिवशी कळवली असती. मी कोणाला विचारलं नाही. पडवीतली रिकामी फळी मी दर दोन दिवसांनी उगाच पुसत होते.

तुमची संवत्सरी आली, तो क्षमा मागायचा सण. दरवर्षी त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही उपासाने ओढलेल्या चेहऱ्याने एसटीने यायच्या, दारातच हात जोडायच्या. "मिच्छामि दुक्कडं, सुमन. वर्षभरात माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल तर माफ कर." मला इतकं संकोचल्यासारखं व्हायचं! "पुरे करा भाभी, आत या," म्हणून मी तुम्हाला ओढायचे. परत हात जोडून मी कधी काही म्हटलं नाही, कारण ते तुमच्यातलं, आमच्यात नसतं. आमच्यात भांडण झालं की दोन दिवस अबोला धरायचा आणि मग भाजीची वाटी धाडायची. यंदा कोणी यायचं नव्हतं, तरी मी सकाळपासून ओटा झाडला.

आणि पारस आला. गाडीतून उतरला तेव्हा हातात पोतं होतं. पोत्याच्या आवाजावरूनच मला कळलं. त्याने ते ओट्यावर ठेवलं, तुमच्यासारखेच हात जोडले आणि म्हणाला, "मिच्छामि दुक्कडं, मावशी."

एकही टाइल उरली नव्हती. भट्टीचं दार बंद, आत काय झालं कोणाला दिसलं नाही, यंत्राने आपला ताव शेवटपर्यंत देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी उघडलं तर तळाशी खापऱ्यांचा ढीग, चांगल्या खणखणीत भाजलेल्या. उसाचं एक पान. आईच्या पाठीवरचे ठिपके. पिल्लाचा कान.

"मला माहीत होतं," पारस म्हणाला.

"फुटणार हे?"

"नाही. तुझ्या घरासाठी होतं, हे. आईने फोनवर सांगितलं होतं. सुमनसाठी बिबट्या करतेय म्हणाली होती. मला माहीत असून मी नेलं."

भाभी, मला इतका राग आला, इतका की त्याच्या थोबाडीत द्यायला माझा हात उठला होता. तुमच्या पोराला मी लहानपणापासून कधी बोट लावलेलं नाही. मी ओरडले, "मग बोलला का न्हाईस? मी तुला नको म्हणाले असते व्हय रे? निम्मं तुझं, निम्मं माझं केलं असतं!"

"मला वाटलं तू मागशील," तो म्हणाला. "तू म्हणाली असतीस, हे माझं आहे, तर मी ठेवून गेलो असतो. तू मागितलंच नाहीस, मावशी. उलट पेंढा घालून दिलास."

मी खाली बसले. पोरगं खरं बोलत होतं. तुम्ही त्याला सांगितलं होतं. तुमच्यावर महिनाभर धरून ठेवलेला राग कुठे टेकवायचा तेच मला कळेना. तोही शेजारी बसला आणि आम्ही दोघंही पोत्याकडे बघत रडलो. तुम्ही गेल्यावर मी नीट रडले ती त्या दिवशी.

कच्ची माती फुटली तर पाण्यात टाकून पुन्हा लोणी करता येते. भाजलेल्या खापरीचं तसं नसतं. ती काही केल्या विरघळत नाही. तिचा एकच उपयोग: बारीक कुटायची आणि नव्या मातीत मिसळायची. त्याने माती फार आकसत नाही, ताव सोसते, सहज तडकत नाही. विटांच्या भुग्याने मी तेच करत आले. पारसला मी हे सांगितलं तेव्हा मला काही करायचं नव्हतं, नुसतं बोलायला काहीतरी हवं होतं. तो उठला आणि माझ्या घरातून उखळ ओढून आणलं.

कुटायला सुरुवात त्याने केली. आवाज ऐकून तुकाभाऊ आला. उंबऱ्यापाशी उभा राहून बघितलं आणि मुसळ हातात घेतलं. आधी उसाची पाती गेली. मग ठिपके. एका खापरीवर तुमच्या अंगठ्याचा ठसा होता, रेघ न् रेघ दिसत होती. पिल्लाच्या पोटाखाली आधाराला तुम्ही आतून अंगठा दाबायच्या, तिथला असणार. मी ती बाजूला काढली आणि पारसच्या हातात दिली. "ही ने. हात हवा व्हता ना तिचा? हा घे."

त्याने ती बराच वेळ तळहातावर ठेवली. मग उखळात टाकली.

"ही नेली तर मी रोज बघेन आणि मला रोज तेच आठवेल, मी काय केलं ते," तो म्हणाला. "आत जाऊ दे. तू कर आता, मावशी. तुझ्या घराचं तूच कर."

"मला येत न्हाई रे."

"आई म्हणायची, तुला येतं."

तुकाभाऊने माझ्याकडे बघितलं नाही. "चौकट तयार हाय," एवढंच म्हणाला आणि मुसळ उचललं.

तर भाभी, आज तो भुगा मी चाळून मातीत मिसळला. पारस सकाळी पुण्याला गेला. जाताना म्हणाला, कार्तिकी पौर्णिमेनंतर भट्टी लावशील तेव्हा मी येतो. मी हो म्हणाले. तुमच्याशी भांडणात मी हरले, हे तुम्ही समोर असता तर मेले तरी बोलले नसते. मी फळीवर माती पसरून बसले आहे. तुमच्या खापरीचा कण न् कण तळहाताला टोचतोय. माती केव्हाच तयार झालीय, मला कळतंय. पण मी मळतच बसलेय, कारण थांबले की पहिलं बोट मला लावावं लागेल, आणि मग तुम्ही खरोखर गेलात असं होईल.